खिंड ओलांडण्यापूर्वी

बडोदे शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटर उंचीवर वसलेले आहे. विश्वामित्रीच्या पुलावर उभे राहून चोहोकडे दृष्टी टाकली, तर उंच म्हणावे असे काही राजवाड्याच्या मनोऱ्यावाचून नजरेस पडत नाही. अशा सपाट गावात जन्म काढलेल्या आम्ही सहा जणांनी येत्या सप्टेंबरात हिमालयातील एक दूरची खिंड पायी ओलांडण्याचा बेत केला आहे. हे ऐकून शेजारीपाजारी हसले, तर त्यांत नवल ते काय?

आम्ही निवडलेली खिंड म्हणजे हिमाचल प्रदेशातील पिन-पार्वती. तिची उंची ५,३१९ मीटर, म्हणजे सुमारे १७,४५० फूट आहे. अलीकडे कुलूकडील पार्वती नदीचे हिरवेगार खोरे, पलीकडे स्पितीतील पिन नदीचे उजाड, तांबूस-करडे खोरे, आणि या दोहोंच्या मध्ये बर्फाची भिंत. स्पितीकडे जाण्यास दुसरी वाट मिळते का, याचा शोध घेत सर लुई डेन हे इंग्रज अधिकारी १८८४ च्या ऑगस्टमध्ये ही खिंड ओलांडून गेले, अशी नोंद आहे. मेंढपाळांना मात्र त्या बाजूची कुरणे त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक असली पाहिजेत. बरशैणी येथे मोटाररस्ता संपतो, तो पलीकडे मूद या गावी पुन्हा सुरू होतो. मधल्या सुमारे शंभर किलोमीटरांच्या वाटेवर खीरगंगा मागे पडली की दुकान नाही, दवाखाना नाही, की टेलिफोन नाही. तेथे जे काही लागेल ते पाठीवर न्यावयाचे, आणि जे विसरले त्यावाचून चालवावयाचे.

आम्हां बडोदेकरांना हिमालयाची ओढ काही आजची नव्हे. काकासाहेब कालेलकर हे मूळचे साताऱ्यास जन्मलेले मराठी गृहस्थ बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयाचे प्रमुख होते. राष्ट्रीय वृत्तीच्या त्या शाळेवर सरकारची वक्रदृष्टी झाली आणि १९१२ साली ती बंद पडली. तेव्हा काकासाहेबांनी पायी हिमालयाची वाट धरली. स्वामी आनंद त्यांच्या सोबतीस होते. पुढे त्या भ्रमंतीवर त्यांनी पुस्तक लिहिले, ते गुजराती भाषेत. आणि मराठी माणसाने लिहिलेले ते पुस्तक गुजराती वाङ्मयाचे भूषण होऊन बसले. आमच्यासारख्या दोन्ही भाषांत वाढलेल्या घरांतून ते आजही आवडीने वाचले जाते. आमच्या बेताचे बीज त्याच पुस्तकाने पेरले, असे म्हटले तरी चालेल.

परंतु बेत करू लागल्यावर आम्हांस अधिक शिकविले ते त्याहून कितीतरी जुन्या एका प्रवाशाने. येशूसंघाचे धर्मगुरू फादर अंतोनियो द आंद्रादे हे पोर्तुगालात जन्मले, १६०० साली गोव्यास आले आणि पुढे आग्र्याच्या मिशनचे प्रमुख झाले. १६२४ च्या मार्चअखेरीस ब्रदर मानुएल मार्केस यांना बरोबर घेऊन त्यांनी आग्रा सोडले. हिंदू यात्रेकरूंचा वेष करून ते हरिद्वार, गढवालातील श्रीनगर व बदरीनाथ या मार्गाने माणा गावी पोहोचले. तेथून पुढे ५,६०० मीटरांहून उंच असलेली माणा खिंड ओलांडली की तिबेट लागत असे.

गढवालच्या राजाकडून आपणांस अटकाव होईल, अशी कुणकुण फादरांना लागली. यास्तव ब्रदर मार्केस यांना मागे ठेवून, बर्फ वितळण्याची वाट न पाहता, ते मोजकी माणसे घेऊन पुढे निघाले. बर्फ कधी छातीपर्यंत लागे. पाय गारठून असे बधिर झाले की तापलेले लोखंड लावले तरी जाणीव होऊ नये. बर्फावरील उन्हाने डोळे इतके दिपले, की पंचवीस दिवस त्यांना प्रार्थनापुस्तकातील एक अक्षरही ओळखता आले नाही. अशा स्थितीत ते खिंडीच्या माथ्यापर्यंत जाऊन पोहोचले. समोर तिबेटचे पठार होते. परंतु सगळीकडे पांढरेच पांढरे, वाट कोठेच दिसेना, आणि सोबतची माणसे तर पार थकून गेलेली. अशा वेळी फादर आंद्रादे यांनी काय केले? ते माघारी फिरले.

वाचकहो, या कथेतील हा प्रसंग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. माघारी येताना वाटेत त्यांना ब्रदर मार्केस शिधासामग्री घेऊन भेटले. बर्फ वितळेपर्यंत ते सारे थांबले, आणि मग तीच खिंड ओलांडून ऑगस्टमध्ये गुगे राज्याची राजधानी त्सापरांग येथे सुखरूप पोहोचले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आग्र्याहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही हकिकत सांगितली, आणि ते पत्र १६२६ साली लिस्बन येथे छापले गेले. दहा वर्षांनी, १६३४ साली, गोव्यास त्यांचा अंत झाला.

त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे. त्या खिंडीत विषारी वाफा निघतात व त्यांमुळे धडधाकट माणसे पाव तासात मरतात, असा तेथील लोकांचा समज होता. फादरांनी तर्क केला की हे वाफांमुळे नसून कडाक्याच्या थंडीमुळे व अंगात ऊब आणणारे अन्न न मिळाल्यामुळे घडत असावे. आज आपणांस कळते, की दोघांनाही अर्धेच सत्य गवसले होते. दोष हवेतच होता, पण विषाचा नव्हे, विरळपणाचा. जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब घटतो, आणि पिन-पार्वतीच्या माथ्यावर एका श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू बडोद्यातील श्वासाच्या निम्म्याच्या आसपास येतो. शरीर या उणिवेशी हळूहळू जुळवून घेऊ शकते. परंतु त्यास दिवस द्यावे लागतात. ते दिले नाहीत तर प्रथम डोके दुखते, अन्न नकोसे होते, ओकारी येते, झोप लागत नाही. तरीही वर चढत गेल्यास फुप्फुसांत पाणी साठते किंवा मेंदूस सूज येते, आणि मग गाठ मृत्यूशी असते.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो असे सांगता आले असते तर बरे झाले असते. काही वर्षांपूर्वी याहून बऱ्याच ठेंगण्या अशा एका खिंडीवर आम्ही गेलो होतो. आमच्यातील सर्वांत तरुण मुलाचे डोके दोन दिवस दुखत होते, आणि आपल्यामुळे सर्वांचा विरस होईल या भीतीने त्याने ते लपविले. त्याने ताट तसेच बाजूला सारले, ते आम्ही पाहिले होते. चालताना तो मागे पडत होता, तेही पाहिले होते. परंतु रजेचे दिवस मोजके, परतीच्या आगगाडीची तिकिटे काढलेली. आम्ही पाहून न पाहिल्यासारखे केले. तिसऱ्या रात्री त्याचा तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले. कंदिलाच्या उजेडात दोघा हमालांनी त्याला आळीपाळीने पाठुंगळी घेऊन हजार मीटर खाली उतरविले. सकाळी त्याने चहा मागितला तेव्हा आमच्या जिवात जीव आला. दोष त्याच्या लपविण्याचा थोडा, आमच्या पाहून डोळेझाक करण्याचा फार.

म्हणून या वेळी बेत ठरविण्यास बसलो तेव्हा आमच्यातील ज्येष्ठ काकांच्या घरी, काकूंच्या देखत बसलो. आम्ही नकाशा पसरला. काकूंनी चहा ठेवला आणि एवढेच विचारले, "तुमच्यापैकी एकाला चालवेनासं झालं, तर बाकीचे काय करणार, ते आधी लिहा पाहू." त्या प्रश्नापुढे नकाशा बाजूस राहिला. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, ही शुभवर्तमानातील शिकवण आम्ही किती वेळा ऐकली असेल! पण खर्च म्हणजे काही केवळ पैसा नव्हे, हे त्या संध्याकाळी आम्हांस उमगले.

मग आम्ही लिहावयास घेतले. बरशैणी सुमारे २,२०० मीटरांवर आहे. तेथून पहिला मुक्काम गरम पाण्याच्या झऱ्यांच्या खीरगंगेला, सुमारे २,९५० मीटरांवर. त्यापुढे तुंडाभुज, ठाकूरकुआं, ओडी थाच असे टप्प्याटप्प्याने चढत पाचव्या दिवशी मानतलाई सरोवर, ४,१०० मीटरांच्या सुमारास. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक चढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असे जाणते डॉक्टर सांगतात. म्हणून मानतलाईस एक दिवस थांबावयाचे. आणि तेथून खिंडीच्या पायथ्याचा ४,९०० मीटरांचा तळ एका दमात न गाठता मध्ये एक मुक्काम वाढवावयाचा. खिंड पहाटेच्या अंधारात चढावयास घ्यावयाची, कारण उन्हाने बर्फ मऊ झाले की पलीकडच्या हिमनदीतील भेगा झाकणाऱ्या बर्फावर भरवसा ठेवता येत नाही. तेथे सर्वांनी एका दोरात बांधून घ्यावयाचे. या सर्वांवर दोन दिवस शिल्लक ठेवावयाचे, आणि परतीची तिकिटे त्या शिल्लक दिवसांनंतरची काढावयाची. गेल्या खेपेची चूक तिकिटांपासूनच सुरू झाली होती.

नियम तीन केले. रोज संध्याकाळी प्रत्येकाने डोके, पोट आणि झोप यांविषयी सर्वांसमोर खरे सांगावे. ज्याला त्रास होत असेल त्याने, आणि त्याच्यासह सर्वांनी, वर पाऊल टाकू नये. त्रास वाढला तर रात्र असो वा पाऊस, खाली उतरावे. आणि तिसरा नियम असा की, माघारी फिरण्याचा निर्णय कोणीही एकाने मागितला तरी तो मान्य व्हावा. पुढे जाण्याचा निर्णय मात्र एकमतानेच व्हावा.

बाकीची तयारी सोपी नसली तरी आनंदाची आहे. आमचा सरावाचा डोंगर म्हणजे पावागड, शहरापासून सुमारे ५० किलोमीटरांवर. दर रविवारी मिस्सा आटोपली की पाठीवर दहा किलोचे ओझे घेऊन आम्ही चांपानेरच्या वेशीतून चढू लागतो. यात्रेकरू विचारतात, "झोळीत काय आहे?" पाण्याच्या बाटल्या व विटा आहेत असे सांगितल्यावर ते हात जोडतात, ते भक्तीने की दयेने कोण जाणे. शिध्याचेही गणित आहे. उंचावर पाणी कमी उष्णतेवरच उकळते, पाच हजार मीटरांवर सुमारे ८३ अंशांवर. म्हणून साध्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. लहानसा प्रेशर कुकर हवाच. सातूचे पीठ, मेथकूट, खाकरे, गूळ-शेंगदाणे घरून जातील. चुलीचे इंधन मात्र कुलूस घ्यावे लागेल, कारण रॉकेल वा गॅस आगगाडीतून नेण्यास मनाई आहे. काळे चष्मे प्रत्येकी दोन. त्या बाबतीत फादर आंद्रादे यांचे पंचवीस दिवस आम्ही विसरणार नाही. वनखात्याची परवानगी आणि त्या वाटेचा जाणता वाटाड्या या दोहोंवाचून निघावयाचे नाही, हेही ठरले आहे.

हमालांविषयी एक स्वतंत्र पान लिहिले आहे. त्यांच्या पायांत काय आहे, अंगात काय आहे, रात्री पांघरावयास काय आहे, हे निघण्यापूर्वी आम्ही स्वतः पाहणार आहोत. उंचीचा त्रास त्यांनाही होतो. डोंगरात जन्मलेला माणूस काही लोखंडाचा नसतो. ज्या दोन पाठींनी आमच्या मुलाला खाली आणले, त्यांतील एकाच्या बुटाला तळवा उरला नव्हता, हे आम्हांस दुसऱ्या दिवशी दिसले. संध्याकाळी खरे सांगण्याच्या बैठकीत या वेळी तेही बसतील.

आता शेवटची गोष्ट. काकांचे वय बासष्ट. त्यांच्या रक्तदाबाची तक्रार जुनी. या बेताची कल्पना मूळ त्यांचीच; काकासाहेबांचे पुस्तक आम्हांस वाचावयास देणारेही तेच. डॉक्टरांनी तपासून स्पष्ट नाही म्हटले नाही, पण होही म्हटले नाही. आम्ही कोणीच काही बोलेना. पुढच्या बैठकीस काकांनी स्वतःच वहीत आपल्या नावापुढे लिहिले, "खीरगंगेपर्यंत." मग त्यांनी आपले काम सांगितले: "मी तिथून खाली येऊन कुलूला थांबतो. तुमच्या मुक्कामांचा कागद माझ्याजवळ राहील. ठरल्या दिवशी मूदहून फोन आला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांकडे आणि मनालीच्या गिर्यारोहण संस्थेत मी जाईन. कोणीतरी खाली जागं असायला हवं."

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी वही ओढून घेतली आणि काकांच्या नावाशेजारी आपलेही नाव लिहिले, कुलूपर्यंत.

ब्रदर मार्केस माणा गावी मागे राहिले नसते, तर शिधा घेऊन वाटेत भेटण्यास कोण आले असते? इतिहास खिंड ओलांडणाऱ्यांची नावे लक्षात ठेवतो. आम्ही मात्र वहीच्या पहिल्या पानावर, सर्वांच्या वर, त्या दोघांचीच नावे लिहिली आहेत. सप्टेंबरात आम्ही माथ्यावर पोहोचू की मानतलाईहूनच परत फिरू, हे परमेश्वरास ठाऊक. जितके निघू तितके परत येऊ, एवढ्यासाठी करता येईल ते सर्व मात्र आम्ही आताच करीत आहोत.