घारापुरीचे खांब, ग्लॉस्टरशायरचा पूल

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात सेझिनकोट नावाचा वाडा आहे. भोवती कुरणे, ओकची झाडे आणि मध्येच तांब्याचा हिरवट, कांद्याच्या आकाराचा घुमट. चार्ल्स कॉकरेल ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये श्रीमंत झाला. १८०५च्या सुमारास त्याच्यासाठी हा वाडा बांधला तो त्याचा वास्तुविशारद भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल याने. सॅम्युअलने हिंदुस्थान कधीच पाहिला नव्हता.

वाड्याचा छज्जा पाहावा. आपल्याकडे छज्जा ऊन आणि पाऊस अडवण्यासाठी काढतात. इंग्लंडात उन्हाचीच वाट पाहावी लागते. तिथे त्याचे मुख्य काम भिंतीवर सावलीची ठळक रेघ उमटवणे एवढेच उरते. दाराच्या आत पाऊल टाकले की सगळी धाटणी ग्रीक. म्हणजे हिंदुस्थान हा या घराचा अंगरखा, देह इंग्रजीच.

बरीच वर्षे मी याच निष्कर्षावर थांबलो होतो. बागेतल्या पुलाने तो मला पुन्हा तपासायला लावला. बागेच्या कामात चित्रकार थॉमस डॅनियलचा सल्ला होता. तो आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ ते १७९३ हिंदुस्थानात फिरले. १७९३मध्ये त्यांनी घारापुरीची लेणी पाहिली. सेझिनकोटच्या पुलाखालचे खांब त्या लेण्यांतल्या खांबांवरून घेतले आहेत.

घारापुरीचा खांब कोणी उभा केलेला नाही. भोवतालचा कातळ कोरून काढल्यावर जो उरला, तो खांब. सेझिनकोटला तोच आकार दगड घडवून, खालून वर उभारला आहे. नंदीही तिथे गाभाऱ्यासमोर नाहीत, पुलाच्या कठड्यावर आहेत. रूप पोहोचले, त्यामागची कृती आणि श्रद्धा मागेच राहिली.

मग हा सन्मान की मिरवणे? माझ्या मते दोन्ही. पैसा कंपनीच्या राज्यातला, हे विसरता येत नाही. पण इथला दगड बारकाईने पाहून कागदावर उतरवणारा डॅनियलचा डोळाही नाकारता येत नाही.

घारापुरीची लाँच सुटते ती गेटवेपासून. १९२४मध्ये खुली झालेली ही कमान जॉर्ज विटेट या ब्रिटिश वास्तुविशारदाने गुजरातच्या जुन्या वास्तुशैलीच्या आधारे रचली. लाँचमधून मागे वळून पाहताना मला हटकून सेझिनकोटचा पूल आठवतो.