जुन्या गाडीतला टेम्परेचर सेन्सर शोधायचा कसा?

निलंग्याहून एका मित्राची व्हॉइस नोट आलीय. २००४ ची मारुती ८००, एमपीएफआय, सेकंड हॅन्ड घेतलेली. पेट्रोल जास्त खाते, काळा धूर सोडते, आणि गरम असली की लवकर स्टार्ट होत नाही. मेकॅनिक म्हणतो सेन्सर बदला. याचा प्रश्न, तो सेन्सर असतो कुठं?

आधी त्याचं काम बघू. कूलंट टेम्परेचर सेन्सर ईसीयूला सांगतो, इंजिन थंड आहे की गरम. थंड असेल तर ईसीयू पेट्रोल जास्त सोडतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक ओढायचे ना, तसंच. आता इंजिन तापलं तरी सेन्सर ‘थंड आहे’ असंच सांगत राहिला, तर? जास्तीचं पेट्रोल चालूच. काळा धूर त्याचाच.

आपल्याकडं नव्या कारला ओबीडी सक्तीची झाली २०१० पासून. त्याआधीच्या गाडीला साधा स्कॅनर चालेलच असं नाही. म्हणून हातानंच शोधायचं.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. आता रेडिएटरचा वरचा जाड पाइप धरा आणि तो इंजिनला जिथं मिळतो तिथपर्यंत जा. थर्मोस्टॅट बहुतेक तिथंच असतो. त्याच्या आसपास पितळी बुडाचे, स्क्रूसारखे बसवलेले एक-दोन भाग दिसतील. एकच वायर असेल, तर तो बहुधा डॅशबोर्डच्या काट्याचा. ईसीयूच्या सेन्सरला सहसा दोन वायरी असतात.

पण थांबा, फॅनच्या स्विचलाही दोन वायरी असू शकतात! मग कनेक्टर काढा, मल्टिमीटर ओहमवर लावा. थंड इंजिनवर स्विच काहीच रीडिंग देणार नाही. सेन्सर मात्र देतो, २० अंशांना साधारण अडीच किलोओहम. तापेल तसं रीडिंग उतरतं, ८० अंशांना ०.३ च्या आसपास. निलंग्यात उन्हाळ्याच्या सकाळी दीड-दोन दिसलं तर घाबरू नका, ते बरोबरच आहे.

इंजिन तापूनही आकडा हललाच नाही, तर सेन्सर गेला. बरोबर उतरत असेल तर नवा घेऊ नका. आधी कनेक्टरच्या पिना बघा, हिरवट गंज चढलाय का. पिना साफ करायला पैसे लागत नाहीत.

तुमच्या गाडीत तो कुठं सापडला, व्हॉइस नोट पाठवून नक्की कळवा!