नाळेला चिमटा केव्हा लावावा?

- तात्काळ: जन्मानंतर पहिल्या मिनिटाच्या आत.
- उशिरा: 1 मिनिटानंतर. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस 1 ते 3 मिनिटांची.
- कारण: जन्मानंतरही वारेतले रक्त नाळेवाटे बाळाकडे जात राहते. 3 मिनिटांत पूर्ण दिवसांच्या बाळाला सुमारे 80 ते 100 मिली जादा रक्त मिळते.
- फायदा: पहिल्या काही महिन्यांसाठी लोहाचा साठा वाढतो, रक्तक्षयाचा धोका घटतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला बाहेरून रक्त देण्याची गरज कमी पडते.
- लक्ष ठेवा: कावीळ. काही बाळांना प्रकाशोपचार लागू शकतो.
- अपवाद: बाळ श्वास घेत नसेल आणि कृत्रिम श्वास देणे आवश्यक असेल, तर नाळ लगेच कापतात.
- आईचे इंजेक्शन: चिमट्यासाठी वाट पाहताना रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन थांबवायचे नाही.
- सरकारी धोरण: 2018 च्या ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात नाळ उशिरा बांधण्याचा समावेश.
- जव्हार-मोखाडा भागात बाळंतपणाची सोय: जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय, मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय, तसेच प्राथमिक आरोग्य केंद्रे.
- नंतरची काळजी: नाळ कोरडी, स्वच्छ ठेवावी. राख, हळद, तेल लावू नये.