होडीच्या इंजिनाचे डिझेल : टाकीपासून नोझलपर्यंत

कला शाखेच्या विद्यार्थ्याने होडीच्या इंजिनावर लेख लिहावा, हे आमच्या काही वर्गबंधूंना व प्राध्यापकांना चमत्कारिक वाटेल. पण या महाविद्यालयातील पुष्कळ मुले-मुली खाडीकाठच्या गावांतून येतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्या आधीच्या पिढ्या होडीवरच शिकल्या. सुट्टीत मी वडिलांबरोबर इंजिनाच्या कामाला बसतो. तेथे जे पाहिले, आणि इंजिनाच्या इंग्रजी पुस्तिकेतून वाचून जे त्यांना मराठीत सांगितले, तेच येथे क्रमाने मांडतो.

भारतात मासेमारीच्या होड्यांना इंजिने बसविण्याच्या कामाला स्वातंत्र्यानंतर वेग आला. १९५३ साली केरळात नींदकरा येथे सुरू झालेला भारत-नॉर्वे प्रकल्प हा त्यातील एक प्रसिद्ध टप्पा होय. शिडाची होडी वाऱ्याच्या भरवशावर चाले, इंजिनाची होडी डिझेलच्या भरवशावर चालते. वारा पडला तर तांडेलाला ते अंगावर कळते. डिझेलची नळी मात्र फळ्यांखाली झाकलेली असते, आणि ती कुजत आल्याचे पुष्कळदा इंजिन बंद पडल्यावरच कळते.

बंद पडण्याची जागाही बहुधा वाईट असते, आणि त्याला कारण आहे. दाभोळची खाडी असो वा जयगडची, खाडीच्या मुखाशी लाटा उसळतात. होडी जोराने हेलकावू लागली की टाकीच्या तळाशी महिनोन्‌महिने बसलेला गाळ आणि पाणी ढवळून वर येते व डिझेलबरोबर नळीत शिरते. शांत पाण्यात आठ दिवस बिनतक्रार चाललेले इंजिन नेमके तेथेच गुदमरते. इंजिन थांबले की होडी लाटेला आडवी होते. मग चार माणसांचा जीव एका फिल्टरवर टांगलेला असतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

डिझेलचा मार्ग

लहान होडीवरील साध्या डिझेल इंजिनात डिझेल पुढील वाटेने जाते. टाकीतून ते प्रथम पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरात येते. तेथून फीड पंप ते ओढतो व दुसऱ्या, अधिक बारीक फिल्टरातून मुख्य पंपाकडे ढकलतो. मुख्य पंप ते प्रचंड दाबाने नोझलकडे पाठवितो. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या दोनशे पटींच्या घरात असतो. नोझलमधून डिझेलचा अत्यंत बारीक फवारा सिलिंडरात उडतो व तेथील तापलेल्या हवेत पेट घेतो. नोझलमधून गळून उरलेले थोडे डिझेल परतीच्या नळीने टाकीकडे जाते.

मुख्य पंपाच्या आतील दांडा व त्याची नळी यांत केवळ दोन-तीन मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून ही फट किती सूक्ष्म आहे याची कल्पना येईल. या पंपाला वंगण म्हणून डिझेलच लागते. त्यात पाणी आले की वंगण जाते, गंज चढतो आणि सर्वांत महाग भाग निकामी होतो. स्वस्त फिल्टर बदलण्याचा कंटाळा केला, तर महाग पंप बदलावा लागतो.

पाणी

डिझेलमध्ये पाणी दोन वाटांनी येते. एक म्हणजे टाकीच्या झाकणाची किंवा हवेच्या नळीची फट. झाकणाखालील रबरी चकती कडक झाली, की पावसाचे वा लाटेचे पाणी आत झिरपते. ही चकती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. दुसरी वाट दमट हवेची. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या मोकळ्या जागेतील हवेतली वाफ रात्री थंड पत्र्यावर थेंबांच्या रूपाने जमते. म्हणून होडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी.

पाणी डिझेलहून जड असल्याने तळाशी बसते. जेथे पाणी व डिझेल एकमेकांना भिडतात तेथे सूक्ष्म जंतू वाढतात. त्यांचा काळा, बुळबुळीत थर फिल्टर बुजवून टाकतो. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टराच्या खालच्या वाटीची चावी रोज सकाळी क्षणभर सोडावी आणि जे निघेल ते काचेच्या बरणीत पाहावे. बरणीत रोज पाणी दिसू लागले तर नुसता फिल्टर बदलून भागत नाही. टाकी उघडून धुवावी लागते.

टाकी बदलण्याची वेळ आलीच, तर आतून जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची टाकी डिझेलसाठी घेऊ नये. डिझेल व जस्त यांच्या संयोगाने साबणासारखा पदार्थ तयार होतो व तोही फिल्टरात अडकतो.

हवा

पाणी दिसते, हवा दिसत नाही. द्रव दाबला जात नाही म्हणून पंपाचा जोर नोझलपर्यंत पोहोचतो. नळीत बुडबुडा असेल तर पंपाचा सारा जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो, नोझल उघडत नाही आणि इंजिन बंद पडते. यालाच मिस्त्री 'इंजिनाने हवा घेतली' असे म्हणतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. टाकी इंजिनापेक्षा खाली असेल, तर टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते. या भागात नळीला चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. बाहेरून नळी कोरडी ठणठणीत दिसते आणि दोष मात्र तेथेच असतो. फीड पंपाच्या पुढे डिझेल ढकलले जाते, म्हणून त्या भागातील चीर ओलाव्याने ओळखू येते. गळती नाही म्हणजे नळी चांगली, हा समज म्हणूनच घातक आहे.

हवा काढताना टाकीकडून इंजिनाकडे क्रमाने जावे. प्रथम फिल्टरावरचा स्क्रू सैल करून फीड पंपाची हातदांडी चालवावी व बुडबुडे थांबून अखंड धार आली की स्क्रू आवळावा. मग मुख्य पंपावरचा स्क्रू. शेवटी नोझलकडील नट सैल करून इंजिन फिरवावे. दाबाच्या नळीतील गळती बोटाने कधीही चाचपू नये. तो फवारा कातडी भेदून आत जातो. गळती पाहण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

रबर, क्लिप आणि वायसर

रबरी नळीला उष्णता, डिझेल आणि खारी हवा एकाच वेळी खातात. ती वाकवून पाहावी. तडे दिसले, कडक लागली किंवा फुगून मऊ पडली, तर तिचे दिवस भरले असे समजावे. बाजारातील पारदर्शक प्लास्टिकची नळी स्वस्त मिळते. पण ती डिझेलने कडक होऊन तडकते. लहान होड्यांच्या इंधनासाठी आयएसओ ७८४० या मानकाच्या नळ्या मिळतात. अडीच मिनिटे आगीत टिकण्याची त्यांची कसोटी घेतलेली असते. क्लिप स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. जोडातील तांब्याचा वायसर एकदा दाबला की कडक होतो व पुन्हा नीट बसत नाही. तो लाल होईतो तापवून मऊ करता येतो, परंतु नवीन घालणे उत्तम.

फीड पंपाच्या आतील रबरी पडदा फाटला तर काही इंजिनांत डिझेल थेट ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी आपोआप वाढू लागली तर आनंद मानू नये. ऑइल पातळ होत आहे, याची ती सूचना असते.

पेट्रोलवरील होड्या

मागे लावण्याच्या लहान मोटरी पेट्रोलवर चालतात. भारतात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून विकले जाऊ लागले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाणी पुरेसे झाले की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. जुन्या रबराच्या नळ्या व पडदे इथेनॉलने फुगतात. अमेरिकेत २००० नंतरच्या दशकात काही जुन्या होड्यांच्या फायबरच्या पेट्रोल टाक्या इथेनॉलमुळे खराब झाल्या. म्हणून जुनी मोटर वापरणाऱ्याने इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घालाव्यात आणि महिनोन्‌महिने पेट्रोल साठवू नये. शिवाय पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती होडीच्या तळाशी साचते व एका ठिणगीने भडकते. त्यामुळे पेट्रोलची गळती डिझेलच्या गळतीहून कितीतरी अधिक धोक्याची होय.

काम केव्हा करावे?

'चालतंय तोवर चालू दे' ही आपल्याकडची जुनी रीत. तिच्यामागे केवळ आळस असतो असे मी म्हणणार नाही. हंगामात होडी एक दिवस उभी राहिली तर चार घरांची कमाई बुडते. पण पावसाळी बंदीचे दिवस हाती असतात. २०२४ साली महाराष्ट्रात ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस होती. होडी वर ओढून शाकारली, की त्याच आठवड्यात टाकीतील पाणी काढावे, नळ्या वाकवून पाहाव्यात आणि लागणाऱ्या सामानाची यादी करावी. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मिस्त्री कोणाच्याच वाट्याला येत नाही.

होडीवर दोन फिल्टर, हातभर नळी, चार क्लिप व मूठभर वायसर कोरड्या डब्यात असावेत. ते कसे बसवायचे हे तांडेलाखेरीज आणखी एका खलाशाला तरी ठाऊक असावे.

शेवटी माझ्या सहाध्यायांना एक विनंती. इंजिनाची पुस्तिका पुष्कळदा इंग्रजीत असते आणि ज्यांच्या हाती पाना असतो त्यांतील अनेकांना ती वाचता येत नाही. आपण भाषा शिकतो. घरी किंवा शेजारी होडी असेल तर त्या पुस्तिकेतील हवा काढण्याचा क्रम आणि फिल्टर बदलण्याच्या तासांचे कोष्टक मोठ्या मराठी अक्षरांत एका पुठ्ठ्यावर लिहावे, प्लास्टिकात गुंडाळावे आणि इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूस खिळ्याने ठोकून द्यावे. एका दुपारचे काम आहे.