३,९२२ पायऱ्यांचा तंटा

हवाईतल्या ओआहू बेटावरचा ‘हाइकू स्टेअर्स’ म्हणजे हिरव्या कड्याच्या धारेवरून कोओलाऊ डोंगराच्या माथ्यापर्यंत चढत गेलेला अरुंद लोखंडी जिना, दोन्ही बाजूंना कठडे आणि पलीकडे दरी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने इथे गुप्त रेडिओ केंद्र उभारले. दरीवर अँटेनाच्या तारा ताणायच्या, तर माणसांना वर पोचायला वाट हवी, म्हणून आधी लाकडी शिड्या ठोकल्या; धातूच्या पायऱ्या नंतर आल्या.

१९८७ मध्ये वाट लोकांसाठी बंद झाली. त्याच वर्षी ‘फ्रेंड्स ऑफ हाइकू स्टेअर्स’ ही स्वयंसेवी संस्था निघाली. वाट नियंत्रित स्वरूपात खुली करा, ही तिची मागणी. होनोलुलू शहराने २००० नंतर सुमारे पावणेनऊ लाख डॉलर खर्चून दुरुस्ती केली, पण अपघाताची जबाबदारी कोणाची, यावर घोडे अडले ते अडलेच. बंदी असूनही लोक पहाटे अंधारात चोरून चढत राहिले. पायथ्याच्या रहिवाशांच्या अंगणातून रात्री-अपरात्री वर्दळ. त्यांची तक्रार रास्तच म्हणायची.

२०२१ मध्ये नगर परिषदेने जिना काढण्याचा ठराव एकमताने केला. २०२४ मध्ये काम सुरू झाले, संस्था न्यायालयात गेली आणि अपील न्यायालयाने तात्पुरती स्थगिती दिली. दुरुस्तीवर लाखो डॉलर ओतून वाट न उघडणे, मग ती पाडायला आणखी लाखो मोजणे, हा कारभार अनाकलनीय आहे.

बंदी मोडून चढल्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.