घरातील पेटी आणि फाटलें दार

पूर्वीच्या काळी घरातील दस्तऐवज, दागिने आणि मोजकी छायाचित्रे माजघरातील लाकडी पेटीत राहत असत व पेटीची किल्ली आजीच्या कनवटीला असे. आज छायाचित्रे मोबाइलात जन्म घेतात आणि पुष्कळदा मोबाइलबरोबरच नाहीशी होतात. ती टिकावीत म्हणून अनेक कुटुंबे आता नव्या प्रकारची पेटी बाळगू लागली आहेत. तंत्रज्ञ तिला ‘नॅस’ म्हणतात. वस्तुत: दोनचार हार्ड डिस्क पोटात घेऊन बसलेला तो एक लहानसा संगणकच होय. तो राउटरला जोडला म्हणजे घरातील सर्वांना आपापल्या मोबाइलवरून त्यात ठेव ठेवता येते व काढता येते. परक्याच्या कोठाराचा आश्रय करावा लागत नाही, हेच तिचे मोठे आकर्षण. आमच्या शाळेतही अशी एक पेटी असून तीत या वार्षिकाचे जुने अंक व स्नेहसंमेलनांची छायाचित्रे साठविली आहेत. म्हणूनच हा विषय आम्ही विद्यार्थ्यांपुढे मांडीत आहोत.

राउटर हा केवळ इंटरनेट घरात आणणारा नळ नव्हे. तो घराभोवतीचा गडगाही आहे. आतील उपकरणाने बाहेर काही मागितले तरच त्याचे उत्तर तो आत येऊ देतो. बाहेरून अनाहूत हाक आली, तर ती कोणासाठी आहे हे ठाऊक नसल्याने तो तिच्याकडे लक्ष देत नाही. हा गडगा फुटतो तो बहुधा आपल्याच हाताने. दुबईच्या मामाला घरचे फोटो पाहता यावेत म्हणून आपण बाहेरून थेट पेटीपर्यंत एक वाट मोकळी करतो. तिला ‘पोर्ट’ उघडणे म्हणतात. कित्येक राउटरांत तर ‘यूपीएनपी’ नावाची सोय असते. तीमुळे पेटीनेच विनंती केली की राउटर परस्पर वाट करून देतो. घरधन्यास विचारण्याची तसदी कोणी घेत नाही! आमच्या कोंकणीत मागच्या दाराला ‘फाटलें दार’ म्हणतात. मराठी वाचकास तो शब्द ‘फाटलेले दार’ असा ऐकू येईल. प्रस्तुत प्रकरणी दोन्ही अर्थ सारखेच लागू पडतात.

जगात एवढी घरे, त्यांत आमचेच दार कोणास सापडणार, असे कोणी म्हणेल. परंतु इंटरनेटच्या अद्यापि प्रचलित असलेल्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४३० कोटीच आहेत. २०१३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘झेडमॅप’ नावाचा प्रोग्रॅम सिद्ध केला आणि वेगवान जोडणी असल्यास एकाच संगणकावरून हे सारे पत्ते पाऊण तासाच्या आत ठोठावून पाहता येतात, हे दाखवून दिले. चोराला आमचे नावगाव ठाऊक असण्याची गरजच उरलेली नाही.

मग पासवर्डाचे कुलूप आहे ना? त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. वेस्टर्न डिजिटल या अमेरिकन कंपनीची ‘माय बुक लाइव्ह’ नावाची पेटी २०१० पासून बाजारात होती. जून २०२१ च्या अखेरच्या आठवड्यात जगभरच्या अनेक मालकांना आपली पेटी कारखान्यातून आली तशी कोरी झालेली आढळली. वर्षानुवर्षांची छायाचित्रे व कागदपत्रे एका रात्रीत पुसली गेली होती. या पेटीच्या प्रोग्रॅमची शेवटची दुरुस्ती २०१५ साली निघाली होती. पुढे २०१८ मध्ये तिच्यातील एक गंभीर दोष उघडकीस आला, तेव्हा कंपनीने तिची देखभाल थांबविलेली होती. पेट्या मात्र घरोघर चालूच होत्या. तपासात याहूनही विलक्षण गोष्ट निघाली. पेटी कोरी करण्यापूर्वी पासवर्ड विचारावा, अशा ओळी प्रोग्रॅममध्ये मुळात लिहिलेल्या होत्या. पण २०११ सालच्या एका फेरबदलात त्या निष्क्रिय केल्या गेल्या होत्या. द्वारपालाचे नाव हजेरीपटावर होते, द्वारपाल जागेवर नव्हता! मालकाचा पासवर्ड कितीही बिकट असता, तरी त्या रात्री त्याचा काडीइतकाही उपयोग झाला नसता.

काही चोर पुसत नाहीत, कुलपे घालतात. एप्रिल २०२१ मध्ये ‘क्यूलॉकर’ टोळीने क्यूनॅप कंपनीच्या पेट्यांत शिरून मालकांच्या फायली तेथल्या तेथे पासवर्डबंद केल्या आणि सोडवणुकीसाठी ०.०१ बिटकॉइनची खंडणी मागितली. जानेवारी २०२२ पासून ‘डेडबोल्ट’ने तोच धंदा चालविला. ऑक्टोबर २०२२ मध्ये डच पोलिसांनी या टोळीला चांगलेच बनविले. त्यांनी खंडणी भरल्यासारखे केले, किल्ल्या हाती येताच पैसे परत फिरविले आणि १५५ किल्ल्या मिळविल्या. हा प्रसंग वाचताना आम्हांस मोठी मौज वाटली. पण बळींच्या संख्येपुढे १५५ म्हणजे फारच थोड्या.

आम्ही स्वत:ही या मोहातून सुटलो नव्हतो. परदेशी असलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी आम्ही शाळेच्या पेटीची वाट खुली केली होती. एके सायंकाळी तिची नोंदवही सहज चाळली, तो ‘ॲडमिन’ या नावाने आत शिरण्याचे प्रयत्न दर काही मिनिटांनी चाललेले दिसले. आत कोणी आले नव्हते. तरी त्याच सायंकाळी आम्ही ती वाट बंद केली, राउटरमधील यूपीएनपीही बंद केले आणि ‘ॲडमिन’ हे सर्वांना ठाऊक असलेले खाते रद्द करून निराळ्या नावाचे केले. बाहेरून पेटी पाहणे अगत्याचेच असेल, तर ‘व्हीपीएन’ नावाचे एकच भक्कम दार ठेवावे. ओळख पटलेला माणूस तेथून घरात येतो आणि मगच पेटीपाशी जातो. अर्थात त्या दाराचीही डागडुजी वेळच्या वेळी करावी लागते. नवी पेटी घेताना दुकानदारास किमतीबरोबरच, तिच्या दुरुस्त्या कोणत्या सालापर्यंत मिळतील, हेही विचारावे.

पेटीत दोन डिस्क आहेत, एक बिघडली तर दुसरी आहे, असा युक्तिवाद आमच्याच शिक्षकदालनात झाला. डिस्क बिघडण्यापुरता तो बरोबर आहे. परंतु त्या दोन डिस्क म्हणजे एकाच वेळी लिहिले व पुसले जाणारे दोन हजेरीपट होत. एकावर शाई सांडली की ती दुसऱ्यावरही सांडलीच. म्हणून आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर सर्व सामग्रीची एक प्रत निराळ्या डिस्कवर घेतली जाते आणि ती डिस्क तारेपासून सोडवून मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात ठेवली जाते. माजी विद्यार्थी छायाचित्रे पत्राने मागवितात. मागील महिन्यात मस्कतहून एकाने आपल्या वर्गाच्या नाट्यप्रवेशाचे चित्र मागविले होते. ते शोधून पाठविण्यास आम्हांस दोन दिवस लागले.