मनी, मोत्या आणि आमचे स्वप्न

माणसाने स्वप्ने जरूर पाहावीत. परंतु ती घरातील मंडळींना सांगू नयेत, असे आमचे अनुभवान्ती बनलेले मत आहे. स्वप्न मनात असते तोवर त्याला पंख असतात. ते एकदा पडवीत बसून बोलून दाखविले, की त्याचा जमाखर्च सुरू होतो.

वास्तविक आमचे स्वप्न बेताचेच. सेवानिवृत्त झाल्यावर किनवटला दोन खोल्यांचे घर बांधावे, अंगणात पारिजातक असावा आणि पडवीत झोपाळा. सकाळी फिरावयास निघावे, तर दुकानांच्या पाट्या मराठी, बसगाडीची पाटी मराठी आणि तलाठ्याकडचा कागदही मराठी! आदिलाबादेत मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत आयुष्य काढलेल्या, घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि जुन्या स्नेह्यांशी दखनी बोलणाऱ्या माणसालाच या सुखाची गोडी कळेल. २०२१ साली तेलंगण सरकारने निवृत्तीचे वय ५८ वरून ६१ केले, तेव्हा सहकाऱ्यांनी पेढे वाटले. आमचा झोपाळा मात्र तीन वर्षे पुढे ढकलला गेला.

मुले मार्गी लागल्यापासून आमच्या घरात आम्हां उभयतांखेरीज दोनच जीव आहेत. मोत्या कुत्रा आणि मनी मांजर. मोत्या गल्लीतील मुलांनी ‘रा, रा’ म्हटले तरी धावतो आणि आम्ही ‘ये’ म्हटले तरी धावतो. मनीलाही दोन्ही भाषा कळतात. पण ती कोणत्याच भाषेत ऐकत नाही.

दुपारी दोघेही झोपतात. मोत्याचे पाय झोपेत धावू लागतात, मनीच्या मिशा थरथरतात. फ्रान्समधील ल्यों शहरी मिशेल जूव्हे या शास्त्रज्ञाने १९५९ च्या सुमारास मांजरांच्या निद्रेचा अभ्यास केला होता. झोपेच्या एका अवस्थेत मेंदू जागेपणाइतकाच चळवळ करीत असतो. स्नायू मात्र शिथिल पडलेले असतात. मेंदूतील ज्या भागामुळे ही शिथिलता येते, तो निकामी केल्यावर झोपलेली मांजरे उठून न दिसणाऱ्या सावजावर झेप घेऊ लागली. ही माहिती आम्ही मोठ्या उत्साहाने सौभाग्यवतींना ऐकविली. त्या तांदूळ निवडीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “म्हणजे स्वप्नात कुणी उठून चालू लागू नये, म्हणून देवानेच पाय बांधून ठेवलेत. बरं केलंन्.”

रोख आमच्यावर होता. कारण किनवटला एक जागा पाहून ठेवली होती आणि दिवाळी झाली की इसार द्यावयाचा होता.

दिवाळीपूर्वी घराची रंगसफेदी काढली आणि आठवडाभर आम्ही तीन गल्ल्या पलीकडे मेहुण्यांच्या घरी मुक्काम हलविला. मोत्या आमच्यामागून शेपूट हलवीत आला व तासाभरात तेथला धनी झाला. मनीला पिशवीत घालून न्यावे लागले. दुसऱ्या रात्री ती नाहीशी झाली. दूध ठेवले, हाका मारल्या, मोत्याला पाठविले. तो आमच्याकडेच परत आला. सौभाग्यवतींनी जेवण टाकले. तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही आमच्या घरी गेलो, तर उंबऱ्यावर मनी बसलेली. पाठीवर चुन्याचे पांढरे पट्टे, आणि मुद्रा अशी की घर सोडून पळालो होतो ते आम्हीच!

सौभाग्यवतींनी तिला पदरात घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, “अहो, कुत्रं माणसाबरोबर जातं, मांजर जागा सोडत नाही. आपण दोघं कोण, ते एकदा ठरवा.”

आम्ही इतिहासाचा आधार घेण्याचे ठरविले. म्हणालो, “किनवट काही परके नव्हे. १९५६ पर्यंत ते आपल्याच जिल्ह्यात होते.”

“तेच म्हणते मी,” त्या उत्तरल्या. “किनवट तिकडे गेलं, राजुरा तिकडे गेलं. आपण कुठं गेलो? आजोबा याच उंबऱ्यावर बसलेले असताना निजामाचं हैदराबाद संपलं, आंध्र प्रदेश झाला, २०१४ त तेलंगण झालं. हद्दी हलल्या, उंबरा हलला नाही. आणि मराठी शाळेचा हेडमास्तरच पाट्या वाचायला हद्दीपलीकडे गेला, तर इथल्या शाळेची पाटी दरवर्षी रंगवून कोण घेणार?”

१ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना आम्ही फळ्यावर किती वेळा शिकविली, याची गणती नाही. तिचा हा अर्थ मात्र आमच्या ध्यानी आला नव्हता. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी दर उन्हाळ्यात दारोदार फिरताना पालकांना आम्ही हेच सांगत आलो होतो, की आपली भाषा आपल्या जागीच जपली पाहिजे. इसाराचे पैसे काढण्यासाठी भरून ठेवलेला कागद आम्ही त्या दिवशी फाडला. वाईट वाटले नाही, असे म्हणणे लबाडीचे होईल.

त्या पैशांतील थोडे काढून आम्ही येथल्याच पडवीत सागवानी झोपाळा टांगला आहे. किनवटकडे जाणाऱ्या गाडीची शिटी ऐकू आली, म्हणजे क्षणभर काळीज हलते, हे खरे. परंतु झोपाळ्यावर बसून उसासा टाकावा म्हणावे, तर तेही साधत नाही. तेथे मनी झोपलेली असते, आणि तिला उठविण्याची या घरात कोणाची छाती नाही. आम्ही उंबऱ्यावर बसतो.